देशात शांतता टिकवण्यात खाजगी उद्योगांची खरंच काही भूमिका असते, की ‘एकते’च्या जाहिराती देण्यापुरतंच ते असतं?

असते, आणि ती बहुतेक वेळा उधारीतून येते.

मी काळबादेवीला एका सुताच्या पेढीवर हिशेब बघतो, म्हणून आधी भिवंडीचं सांगतो. सूत देणारा व्यापारी बहुधा मारवाडी किंवा गुजराती. लूमवाला बरेचदा मोमीन किंवा अन्सारी, नाहीतर तेलुगू पद्मशाली. मागावर उभा राहणारा कारागीर यूपी-बिहारचा. मजुरी ‘पिक’वर, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या गणतीवर ठरते. सायझिंग होऊन, म्हणजे सुताला खळ लागून, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) एकदा मागावर चढला की तो विणून संपेपर्यंत शेठचा पैसा त्या गाळ्यात अडकलेला. मग गावात दगड पडल्याची नुसती अफवा आली तरी शेठ आधी लूमवाल्याला फोन लावतो. यात प्रेम किती आणि वसुलीची काळजी किती, ते मी विचारत नाही. फोन होतो, एवढं मला पुरे.

पण ही उधारी १९८४ सालीही होतीच, तरी हिंदू-मुस्लिम दंगलीत भिवंडी पेटली. पुढे १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची रोज उठून कामधंद्याला जाणारी माणसं पोलिसांसोबत नेमाने बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. माझ्या मते हितसंबंध आधीपासून होते, बसायला जागा नव्हती. ती पोलिसांनी करून दिली. धंदेवाल्यांच्या हे आपणहून डोक्यात आलं नव्हतं, हेही कबूल करायला हवं.

देशपातळीवरचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. ऑगस्ट १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जाला मुदतवाढ नाकारली, रँड कोसळला, जोहान्सबर्गचा शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. पुढच्याच महिन्यात अँग्लो अमेरिकन या बलाढ्य खाणकंपनीचे अध्यक्ष गॅव्हिन रेली काही उद्योजकांना घेऊन झांबियात गेले आणि वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या, बंदी असलेल्या एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) या संघटनेच्या ऑलिव्हर टांबोंना भेटले. राष्ट्राध्यक्ष बोथा भडकले. वर्णभेदाची झळ काळ्या जनतेला कित्येक दशकं लागत होती, यांना जाग आली ती खिशाला चटका बसल्यावर! असो. पुढे उद्योजकांच्याच एका गटाने, कन्सल्टेटिव्ह बिझनेस मूव्हमेंटने, १९९१ पासूनच्या राज्यघटनेच्या वाटाघाटींचं कार्यालयीन काम सांभाळलं. बैठकांची व्यवस्था, कागदपत्रं, असलं रूक्ष काम. मला ते कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं वाटतं.

ट्युनिशियात २०१३ मध्ये राजकीय पक्षांची कोंडी झाली, तेव्हा मालकांची संघटना आणि कामगार संघटना, म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, वकील संघटना आणि मानवाधिकार संघटनेसोबत मध्यस्थीला उतरले. त्या चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं.

उलट बाजूही आहेच. केळ्यांच्या धंद्यातल्या चिकिता कंपनीने कोलंबियात एयूसी या सशस्त्र टोळीला वर्षानुवर्षं पैसे दिले. २००७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून अडीच कोटी डॉलर दंड भरला. शांततेपेक्षा संरक्षण विकत घेणं सोपं पडतं, तिथे कंपनी तेच घेते.

राहिला जाहिरातीचा प्रश्न. द्यायची तर द्या. पण तणावाच्या त्या आठवड्यात ठेकेदाराने कुणाकुणाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं, ते आधी मस्टरवर बघा. आमच्याकडे ते खातेवहीत दिसतं: ज्याचं एकही पेमेंट थकलेलं नाही आणि तरी ज्याला नवीन सूत गेलेलं नाही, असा लूमवाला.