स्पेलचेक गप्प का बसतो?

प्रश्न : ताई, ऑफिसातली इंग्रजी पत्रं मीच लिहिते. परवा मुद्दल या अर्थानं 'प्रिन्सिपल' लिहिलं, तर साहेबांनी स्पेलिंगला गोल करून पत्र परत पाठवलं. स्पेलचेकनं लाल रेघ मारली नव्हती! अफेक्ट-इफेक्ट, लूज, इट्स यांतही घोळ होतो. हे शब्द पाठ कसे करू?

उत्तर : पाठ करूच नका. आयत्या वेळी दोन्ही स्पेलिंगं समोर येतात आणि दोन्ही बरोबर वाटतात. साधा स्पेलचेक शब्द कोशात आहे की नाही एवढंच बघतो. तुमचा चुकीचा 'प्रिन्सिपल'ही कोशात आहे, मग तो कशाला बोलेल?

त्या जागी मनात 'मुख्य' घालून बघा. बसला, तर शेवटी ए-एल. कॉलेजचे मुख्य ते प्राचार्य, कर्जातली मुख्य रक्कम ती मुद्दल, दोघांचं स्पेलिंग एकच. 'तत्त्व' म्हणायचं असेल, तरच एल-ई.

लूजचा घोळ आपल्या जिभेनं केलाय. नट लूज झाला, असं आपण 'ज' लावून म्हणतो. इंग्रजीत ढिल्या नटाचा उच्चार 'लूस', त्याला दोन ओ. हरवणं किंवा हरणं म्हणजे 'लूझ', त्याला एकच ओ. ॲडव्हाइसचंही तसंच : सल्ला म्हणजे नाम, 'स' ऐकू येतो, सी लिहा. सल्ला देणं म्हणजे क्रियापद, 'झ' ऐकू येतो, एस लिहा.

अफेक्ट-इफेक्टला मराठी कामी येते. नुसता 'परिणाम' असेल तर ई, 'परिणाम करणे' असेल तर ए. पावसानं पिकावर परिणाम केला, इथे ए. पावसाचा परिणाम दिसला, इथे ई. एक खोडी आहे : 'बदल घडवून आणणे' या अर्थी इफेक्ट क्रियापद होतो, तरी ई-च राहते.

माझी स्वतःची फजिती स्टेशनरीची. मुद्रितशोधनाच्या पहिल्याच वर्षी एका संस्थेच्या अहवालात खर्चाच्या रकान्यात 'प्रिंटिंग अँड स्टेशनरी' होतं, आणि स्टेशनरीत ई-ऐवजी ए. म्हणजे छपाई आणि 'एका जागी उभं असलेलं'. तीन वेळा वाचूनही मला दिसलं नाही, तसंच छापून गेलं. पुढे कळलं की दोन्ही शब्द सख्खे भाऊ. मध्ययुगात फेरीवाले गावोगाव हिंडत, तेव्हा एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर'. त्याच्या नावात ई-आर, म्हणून त्याच्या मालातही ई-आर. हे समजल्यापासून मी तिथे चुकले नाही.

राहिलं इट्स. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं सोडवून वाचता आलं, तरच ॲपॉस्ट्रॉफी. 'त्याचा' या अर्थी नाही. अठराव्या शतकात मात्र चांगले इंग्रज लेखकही 'त्याचा'वर बिनदिक्कत ॲपॉस्ट्रॉफी देत. हे साहेबांना सांगू नका.