क्लायंटला सुट्टीचं सांगायचं कसं?

"मॅडम, मी चार दिवस सुट्टी घेतली आणि क्लायंटनं दुसरंच कोणी बघितलं तर?" घरून फ्रीलान्स काम करणाऱ्यांकडून इंदूरमध्ये हल्ली हा प्रश्न सारखा कानावर येतो, म्हणून एकीची गोष्ट तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती सुदामा नगरात राहते, पस्तिशीतली, घरून बुककीपिंग करते, दोन क्लायंट अमेरिकेतले आणि एक इथलाच. जुलै 2025 मध्ये माझ्याकडे समुपदेशनाला आली ती झोप लागत नाही म्हणून, बोलता बोलता कळलं की चार वर्षांत लॅपटॉप उघडला नाही असा एक दिवस गेलेला नाही. आदल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पुरण वाटत होती, फोन वाजला, हात कसेबसे पुसून आत गेली आणि पाऊण तास एन्ट्र्या करत बसली, बाहेर सवाष्णी पानावर ताटकळल्या. "सासूबाई काही बोलल्याच नाहीत, ते जास्त लागलं," म्हणाली आणि रडायला लागली.

सुट्टीसाठी कधी मेल लिहिलाय का, मी विचारलं. तिनं फोनमधला ड्राफ्ट दाखवला, कधीच न पाठवलेला. तीनदा सॉरी, दोनदा "तुम्हाला चालत असेल तर", आणि शेवटी "तरी रात्री मी ऑनलाइन असेनच". शाळेत मुख्याध्यापकांना करतात तसा अर्ज होता तो. तिच्या वडिलांची कापड मिल 1991 मध्ये बंद पडली, त्यामुळे हातातलं काम सोडायचं नाही हे ऐकतच ती मोठी झाली. तिच्या भीतीला अशी खरी मुळं होती, नुसतं "घाबरू नकोस" म्हणून काय होणार होतं?

पण एक गोष्ट मी तिला ठामपणे सांगितली. नोकरीत साहेब रजा मंजूर करतो कारण त्या दिवसाचा पगार कंपनी देते, तुला तो कोणी देत नाही, मग मंजुरी कसली मागतेस? तू कळवायचंस. क्लायंटला एवढंच हवं असतं की आपलं काम कधी हातात पडेल. हां, करारात नोटिशीचं काही लिहिलं असेल तर ते पाळायचं, आणि महिन्याचं रिटेनर, म्हणजे दर महिन्याची बांधलेली रक्कम, ठरलं असेल तर त्यात सुट्टीचे दिवस कसे धरायचे हे काम घेतानाच बोलून घ्यायचं. मी स्वतः बाहेरगावी जाते तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांना महिनाभर आधी सांगते, कारण माणूस आधारासाठी येत असतो, सांगून गेलं तर तो चालवून घेतो, न सांगता गायब झालं की मात्र त्याला फार लागतं.

मग आम्ही कॅलेंडर काढलं. महालक्ष्म्या 31 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर, पूजन 1 तारखेला, सोमवारी. आणि अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे, तिकडे सरकारी सुट्टी! चार वर्षं तिकडच्यांचं काम करून तिनं हे कधी जुळवून पाहिलंच नव्हतं.

नवा मेल चार ओळींचा झाला. 31 ते 2 मी कामावर नाही, 28 ऑगस्टपर्यंतच्या नोंदी निघण्याआधी पूर्ण करते, महिन्याचा हिशेब 8 सप्टेंबरला मिळेल, मधलं काही हवं असेल तर 25 पर्यंत सांगा. सॉरी कुठेच नाही. 1 ऑगस्टलाच पाठवला, आठवडाभर आधी एक आठवण, आणि त्या दिवसांसाठी ऑटो-रिप्लाय.

पैशांचं मात्र खरंच बघावं लागतं. वर्षाचे 365 दिवस, शनिवार-रविवारचे 104 गेले की 261 उरतात, सण, आजारपण, गावाला जाणं यांचे 30 काढले तर 231. वर्षाला 7 लाख 20 हजार हवे असतील तर 261 दिवसांच्या हिशेबानं रोजचे साधारण 2,760 पडतात, 231 च्या हिशेबानं 3,120. हा 360 चा फरक रेटमध्ये धरला नाही की प्रत्येक सुट्टी खिशातून गेल्यासारखी वाटते, आणि तिला तसंच वाटायचं. पुढच्या कामापासून तिनं रेट बदलला.

अमेरिकेतल्या एकीनं उत्तरात फक्त "मजा कर" लिहिलं. दुसऱ्यानं 1 तारखेची दोन बिलं आधी मार्गी लावायला सांगितली, तिनं ती 29 लाच तयार केली. कुरकुर केली ती इथल्यानं, जीएसटीचं कसं होणार म्हणून, तिनं मला घाबरून फोन केला. मी म्हटलं, जीएसटीआर-1 ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत 11 तारखेची ना, मग त्याला तारीख लिहून पाठव. तिनं पाठवली.

तरी पूजनाच्या दिवशी त्याचा फोन आलाच. फोन कपाटात साड्यांच्या खाली होता, आणि सोळा भाज्यांच्या गडबडीत तिला तो आठवलाही नाही. 3 तारखेला सकाळी तिनं स्वतःहून फोन लावला तर त्याला फक्त एका बिलाचा नंबर हवा होता.