जेटीच्या सुरक्षेचा पैसा नेमका देतं कोण?

प्रश्न: आमच्या जेटीवर मासळीच्या लिलावाच्या वेळी कुणीही येतं-जातं, कोण विचारत नाही. दिल्लीत म्हणे सागरी सुरक्षेची कमिटी आहे, फंडपण येतो, मग इथे का नाही दिसत? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर: कमिटी आहे हो, २६/११ नंतर २००९ मध्ये झाली, कॅबिनेट सेक्रेटरी अध्यक्ष, पण ती समन्वय बघते, तुमचं गेट नाही बसवणार. केंद्राच्या कोस्टल सिक्युरिटी स्कीममधून सागरी पोलीस ठाणी, स्पीडबोटी यांना पैसा आला, माणसं मात्र राज्याने द्यायची आणि घोडं अडतं ते तिथेच. आणि धोका छोट्या जागांनाच जास्त: १९९३ ला मुंबई स्फोटांचं आरडीएक्स रायगडातल्या छोट्या शेखाडीलाच उतरलं ना, मोठ्या बंदरात थोडंच! तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर मेरीटाइम बोर्ड (राज्याची छोटी बंदरं बघणारं) आणि मत्स्यव्यवसाय खातं, दोघांकडे जेटीच्या सुरक्षेसाठी अर्ज टाका, पोच घ्या. समुद्रात काही संशयास्पद दिसलं तर सागरी सुरक्षेची हेल्पलाइन १०९३ लावा.