विंडोजशेजारी लिनक्स मिंट टाकताना
घाई करू नका. मिंट ही विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम; आधी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. काहीही इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का ते कळतं. पटलं तरच पुढे.

फोटो-कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, कागदावर उतरवून ठेवा. हे टाळूच नका, अगदी कळकळीने सांगतोय. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा (१०० जीबी मिळाली तर उत्तम) आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. इन्स्टॉल करताना विंडोजच्या सोबत टाकण्याचा पर्याय निवडा. डिस्क पुसण्याचा निवडलात तर सगळंच जाईल.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. मिंट कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ (यूटीसी) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं; मिंटला तिथे स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की जुळतं.