टाइल्सचे सांधे ॲसिडने घासूनही पुन्हा काळे का पडतात?

स्वयंपाकघरातले आणि बाथरूममधले टाइल्सचे पांढरे सांधे काळे पडतात, दर महिन्याला ॲसिड टाकून घासलं तरी पंधरा दिवसांत पुन्हा तसेच होतात, असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगते, आधी ते ॲसिड बंद करा. सांधे इतक्या लवकर काळे होतात ते बहुधा त्याच्यामुळेच.

सांध्यात व्हाइट सिमेंट भरलेलं असो की पाकिटातलं साधं ग्राउट, मूळ माल सिमेंटचाच. ॲसिड पडल्यावर जो फेस येतो तो मळ सुटल्याचा नाही, सिमेंट विरघळल्याचा असतो. वरचा थर निघून जातो म्हणून त्या दिवशी सांधा पांढराशुभ्र दिसतो. खाली उरतो तो मात्र खडबडीत आणि आणखी खोल, त्यात पुढचा मळ घट्ट बसतो. आमच्याकडे सात वर्षं हेच चाललं होतं. शेवटी बाथरूमचे सांधे पार पोकळ झाले आणि दोन टाइल्स ठोकल्यावर डबडब वाजायला लागल्या.

आता मी कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजन ब्लीचची पावडर वापरते. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलंय ना, ते बघून घ्या. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पावडर कालवून लगेच सांध्यांवर ओतायची, पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं आणि नायलॉनच्या ब्रशने घासायचं. तारेचा ब्रश नको. हातमोजे घाला.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. घासल्यावर सुटलेलं काळं पाणी जुन्या टॉवेलने तिथल्या तिथे टिपून घ्या. सांधा टाइलपेक्षा खोल असतो, त्यामुळे पाणी तसंच सुकू दिलं तर सगळा मळ परत त्यातच बसतो. रोजच्या पोछ्याचंही तेच. एकाच बादलीत सगळं घर पुसलं की शेवटच्या खोलीचे सांधे सर्वांत काळे! मी प्रत्येक खोलीला पाणी बदलते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका, दोघं एकमेकांचा जोर मारतात. गॅसजवळच्या तेलकट सांध्यांना नुसता खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. साधं ब्लीच आणि ॲसिड तर चुकूनही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सांधे स्वच्छ होऊन पूर्ण सुकले की त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब लगेच शोषला जाऊन सांधा गडद झाला, तर ग्राउट सीलर, म्हणजे सांध्यात पाणी आणि मळ मुरू न देणारं द्रव, लावायला हवं. बारीक ब्रशने लावायचं आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसायचं.

सांधे फारच झिजले असतील तर जुना माल उकरून नव्याने भरून घ्या. बाथरूमला मी इपॉक्सी ग्राउटच सुचवेन, ते सिमेंटचं नसून रेझिनचं असतं. महाग पडतं, पण ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि त्याला सीलरही लागत नाही. फक्त ते भरभर घट्ट होतं, टाइलवर राहिलेलं वेळेत पुसलं नाही तर निघता निघत नाही, म्हणून आधी हे काम केलेलाच मिस्त्री बघा. रंग पांढऱ्याऐवजी राखाडी घ्या. भरल्यावर निदान चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही. आम्ही त्या दिवशी शेजारच्या काकूंकडे आंघोळी उरकल्या.