डाव्या पायावर पास दे

चि. कॅप्टनला अनेक आशीर्वाद.

विभागाच्या फुटबॉल संघातून नाव काढून घेतो म्हणतोस, का तर जोडीदाराची निवड झाली नाही. वर लिहितोस, 'सर, इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या त्या सहा जणांची डॉक्युमेंटरी बघा, ते कसे सोबत राहिले.' बघितली रे. २०१३ ला आली तेव्हापासून कितीदा तरी. सहा दोस्त एकत्र वर आले एवढंच तू त्यात बघितलंस. जे मागं राहिले ते तुला दिसलेच नाहीत.

१९९२ ला युथ कप, म्हणजे क्लबांच्या तरुण संघांची स्पर्धा, जिंकणाऱ्या त्या पोरांमध्ये रॉबी सॅव्हेज होता. १९९४ मध्ये क्लबनं त्याला सोडलं. बेन थॉर्नलीकडून सगळ्यांना मोठी आशा, त्याच वर्षी राखीव संघाच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्यांच्यासाठी त्या सहांतल्या बेकहॅमनं बूट काढून ठेवले नाहीत. सॅव्हेजही घरी बसला नाही. क्रू क्लबला गेला, तिथून लेस्टर क्लबला, वेल्सच्या संघातही खेळला.

मी रेल्वे कॉलनीत खेळायचो तेव्हा माझा उजवा पाय चांगला होता, डावा नुसता उभं राहायला. दोस्तांना ते माहीत. म्हणून सगळे सांभाळून मला उजव्यावरच पास द्यायचे. चेंडू डावीकडं आला की कुणीतरी पळत येऊन स्वतः घ्यायचा. प्रेमच होतं ते. निवड चाचणीत समोरच्या बचावपटूनं पहिल्या काही मिनिटांत हे ओळखलं. माझ्या उजव्या अंगाला चिकटून उभा राहिला आणि मला डावीकडं ढकलत राहिला. माझा खेळ तिथंच संपला. दोस्तांवर राग नाही माझा, पण आजही वाटतं, एकानं तरी डाव्या पायावर पास द्यायचा होता. रोज द्यायचा होता, माझ्या शिव्या खाऊन.

२६ मे १९९९ ची बार्सिलोनातली युनायटेडची चॅम्पियन्स लीग फायनल परत बघ. समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक. युनायटेडचे मधल्या फळीतले स्कोल्स आणि कीन निलंबित, म्हणून बेकहॅम मधे आणि डावखुरा गिग्ज उजव्या बाजूला. नव्वद मिनिटं संपली तरी ०-१. बेकहॅमचा कॉर्नर येतो, बचावपटू चेंडू अर्धवट काढतो, आणि तो येतो गिग्जच्या उजव्या पायावर. डाव्यावर घ्यायला वेळ कुठला? मारला त्यानं. नीट बसला नाही, पण गोलाकडं गेला आणि शेरिंगहॅमनं वाटेतच आत वळवला. लगेच पुढच्या कॉर्नरवर सोल्शारचा गोल, आणि त्या मोसमातला तिसरा किताब. गिग्जसारख्यालाही कच्च्या पायानं मारायची वेळ येते, तर आपण कोण?

आता तुझा जोडीदार. कापणीच्या दिवसांत तो बापाबरोबर फैजपूरकडं मळ्यात जातो, जर्सीवर केळीच्या चिकाचे काळे डाग घेऊन थेट ग्राउंडवर येतो. त्याचे कष्ट मला सांगू नकोस, मी बघतो ते. पण दोन वर्षं तू त्याला उजव्यावरच पास देतोयस, तेही बघतो. त्याची निवड हुकली ती डाव्या पायामुळं. तू नाव काढलंस तर तो पाय सुधारेल का? उलट तुझ्या त्यागाचं ओझं त्या पोराच्या डोक्यावर बसेल. दोस्ती असेल तर डाव्यावर दे.

लोक म्हणतात, सर पोरांना फार बोलतात. एका पालकांनी तक्रारही केली होती की मी मुद्दाम कच्च्या पायावर चेंडू द्यायला लावतो. हो, मुद्दामच. मी कुणावर हात टाकला नाही, कुणाची गरिबी काढली नाही. फक्त कच्च्या पायाला सुट्टी दिली नाही. काही पोरं ग्राउंड सोडून गेली. ती आठवतात, वाईट वाटतं. तरी उद्याही मी हेच करीन.

तू विभागाला जाणार आहेस, हा विषय संपला. फॉर्मवर बाबांची सही घे, मुख्याध्यापकांचा शिक्का विसरू नकोस. तोवर रोज सकाळी साडेपाचला, ऊन चढायच्या आत, दोघं ग्राउंडवर या. कापणी असेल तर संध्याकाळी या. भिंतीजवळ अर्धा तास, नुसता डावा. तो वैतागेल भो, तुला शिव्याही देईल. देऊ दे. पुढचा पास परत डाव्यावरच.

तुझे सर