मिग-२५ला अमेरिका खरंच इतकी घाबरली होती का?

हो, चांगलीच. १९६७ साली हे सोव्हिएत विमान जगासमोर आलं. प्रचंड पंख आणि हवा खेचणारी मोठाली तोंडं पाहून अमेरिकी तज्ज्ञांनी ठरवलं, की हे वेगवान तर आहेच, शिवाय हवाई झुंजीत गर्रकन वळणारंही असणार. त्यांच्या एफ-१५ या लढाऊ विमानाच्या आखणीवर या धास्तीचा बराच परिणाम झाला.

६ सप्टेंबर १९७६ला व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन देशातून पळाला, जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला आणि अमेरिकेला विमान उघडून बघायला मिळालं. सांगाडा बहुतांशी पोलादाचा! एवढं वजन उचलायचं म्हणून पंख मोठे. रडारमध्ये जुन्या पद्धतीच्या व्हॅक्यूम ट्यूब. माख २.८च्या (आवाजाच्या २.८ पट वेगाच्या) पुढे इंजिनं खराब होण्याचा धोका, आणि पल्लाही अपेक्षेपेक्षा कमी. मुळात ते उंचावरून येणारी विमानं अडवण्यासाठी बनवलं होतं, झुंजीसाठी नाहीच.

म्हणून ते भंगार ठरत नाही हं. टेहळणीसाठी आपल्या हवाई दलानं ते बरेलीहून २००६पर्यंत वापरलं. गंमत म्हणजे या चुकीच्या अंदाजातून अमेरिकेला मिळालेलं एफ-१५ मात्र खरोखरच जबरदस्त निघालं.